गोव्यात कधीच न पिकलेली ‘गोवा पावडर’

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधी दुकानांत एक तपकिरी भुकटी मिळत असे. चव कडू, दर चढा आणि नाव ‘गोवा पावडर’. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून ती गजकर्णावर चोळायची. आग व्हायची, कातडी काळपट पडायची, पण गजकर्ण हटायचं. ही भुकटी कशाची, हे मात्र विकणारे सांगत नसत. 1864 मध्ये मुंबईच्या डी. एस. केम्प यांनी लंडनच्या औषधशास्त्रीय नियतकालिकात तिची माहिती दिली, तेव्हाही तिचं मूळ गूढच होतं.

पुढे हीच भुकटी सोरायसिस या त्वचारोगावरच्या एका नामांकित औषधाची जननी ठरली. त्या प्रवासात तिचं गाव चुकलं, रोग चुकला आणि रसायनही चुकलं. प्रत्येक चूक कोणीतरी नीट पाहून दुरुस्त केली, आणि औषध एकेक पाऊल पुढे सरकलं.

झाडाच्या पोटातली भुकटी

1874 मध्ये कलकत्त्यात काम केलेले शल्यवैद्य जोसेफ फेयरर यांनी गोवा पावडरीच्या गुणांवर लिहिलं. तो मजकूर ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आला. वर्णन वाचून त्यांनी ओळखलं, की ही तर आपल्याकडची ‘अरारोबा’! बाहियाच्या जंगलातल्या एका उंच वृक्षाच्या खोडात, गाभ्यातल्या भेगांत आणि पोकळ्यांत ही भुकटी साठते. आज शास्त्रज्ञ त्या झाडाला व्हाताइरिऑप्सिस अरारोबा म्हणतात.

ती काढण्याचं काम जिकिरीचं. झाड तोडायचं, ओंडके चिरायचे आणि भेगांतली भुकटी कुऱ्हाडीच्या पात्याने खरवडायची. ताजी भुकटी फिकट पिवळी दिसते. हवा लागली की तपकिरी होते आणि शेवटी जांभळट छटेवर जाते. खरवडणाऱ्यांचे डोळे चुरचुरत, चेहरा सुजे.

ब्राझील आणि गोवा दोन्ही एके काळी पोर्तुगालच्या ताब्यात, आणि त्या मार्गावरची कैक जहाजं बाहियाच्या बंदरात थांबत. त्यामुळे ही भुकटी गोव्यात उतरली, तिथून मुंबईला आली आणि जिथून आली त्या गावाचं नाव तिला चिकटलं. पहिली चूक उमगली ती अशी.

गजकर्ण समजून लावलं, सोरायसिस निवळला

दुसरी चूक लंडनमध्ये उघड झाली. त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाने आपले चट्टे गजकर्णाचे समजून त्यांवर गोवा पावडर लावली होती. चट्टे होते सोरायसिसचे, तरीही ते निवळले. गजकर्ण बुरशीमुळे होतं. सोरायसिसचा बुरशीशी संबंध नाही. म्हणजे भुकटीच्या अंगी बुरशी मारण्यापलीकडेही काही गुण होता. 1876 पासून स्क्वायर ती सोरायसिसवर वापरू लागले आणि लवकरच युरोपभर तिची मलमं निघाली.

तोवर तिसरी चूक होऊन गेली होती. 1875 मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ जॉन ॲटफील्ड यांनी भुकटीचं विश्लेषण केलं आणि तिचा मोठा भाग क्रायसोफॅनिक आम्ल असल्याचं जाहीर केलं. हेच आम्ल रेवंदचिनीतही सापडतं. पण 1878 मध्ये लीबरमान आणि झाइडलर या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की भुकटीतलं मूळ द्रव्य वेगळं आहे. प्राणवायूशी संयोग झाल्यावर त्याचं क्रायसोफॅनिक आम्ल बनतं. त्या द्रव्याला त्यांनी नाव दिलं क्रायसारोबिन.

पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीत येईनासा झाला. तेव्हा बायर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी पर्याय घडवला. क्रायसारोबिनच्या रेणूतला एक छोटा गट वगळला की जो पदार्थ उरतो, तोच तो. 1916 मध्ये ड्रेस्डेनचे गालेव्स्की आणि हॅम्बुर्गचे उना यांनी त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हा त्याचं नाव होतं सिग्नोलिन. आज डायथ्रॅनॉल म्हणतात.

कातडीची घाई

या औषधाला आवर घालायचा असतो तो कातडीच्या घाईला. त्वचेच्या तळाच्या थरात नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि न दिसणाऱ्या कोंड्याच्या रूपाने झडतात. निरोगी त्वचेत या प्रवासाला सुमारे महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तो आठवड्याच्या आत उरकतो. अर्धवट पिकलेल्या पेशींचे थरावर थर चढतात आणि अभ्रकासारख्या चंदेरी खपल्या धरतात. खपली ओढून काढली तर खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात.

ही घाई शरीराची संरक्षणयंत्रणाच लावते. बाहेरच्या शत्रूसाठी असलेली फौज आपल्याच त्वचेला चेतवत राहते. अंगात आनुवंशिक कल असतो. घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, लिथियमसारखी औषधं किंवा नुसतं खरचटणंही निमित्त ठरतं. खरचटल्या रेषेवरच नवा चट्टा उठतो, हे जर्मन वैद्य हाइनरिख क्योब्नर यांनी 1870 च्या दशकात नोंदवलं. म्हणून आंघोळीत वज्री किंवा घासणीने खपल्या काढणं म्हणजे नव्या चट्ट्यांना आमंत्रण.

सोरायसिसशी ज्याची गल्लत होते, त्या इसबाची गोष्ट निराळी. तिथे त्वचेची भिंतच कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन ती भिंत पक्की ठेवतं. त्याच्या जनुकातला दोष आणि अनेकांचं लहानपणापासूनचं इसब यांचा संबंध 2006 मध्ये स्पष्ट झाला. भिंतीतून ओल निसटते, धूळ आणि साबण आत शिरतात, खाज सुटते. खाजवल्याने भिंत आणखी फुटते.

डोळ्यांनी फरक ओळखायचा तर जागा पाहावी. सोरायसिस बहुधा कोपराच्या आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, डोक्यात, कमरेच्या खाली. कड रेखीव, खपली जाड. इसब कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत. कड पुसट, खाज असह्य, कधी लस वाहते. गजकर्णाचं कडं बाहेर पसरतं आणि मध्ये निवळत जातं. पुस्तकांतला ‘लालसर’ चट्टा आपल्या सावळ्या कातडीवर पुष्कळदा जांभळट किंवा करडा दिसतो, हेही ध्यानात ठेवावं. या तिघांपैकी संसर्गजन्य फक्त गजकर्ण. सोरायसिस किंवा इसब असलेल्या माणसाच्या ताटात जेवलं, त्याचा टॉवेल वापरला, तरी तो रोग लागत नाही.

हे वेगळं सांगावं लागतं, कारण खुद्द सोरायसिसचंच नाव शतकानुशतकं चुकलेलं होतं. युरोपीय वैद्य त्याला ‘लेप्रा’ म्हणत आणि कुष्ठरोगाशी त्याची गल्लत होई. 1841 मध्ये व्हिएन्नाचे फर्डिनांड हेब्रा यांनी दोन्हींची फारकत केली. पाठ्यपुस्तकातली गल्लत मिटली, तरी लग्नाच्या बैठकीत आणि केशकर्तनालयाच्या खुर्चीत ती अजून भेटते.

तीन आठवड्यांची पेस्ट, अर्ध्या तासाचं मलम

डायथ्रॅनॉल वापरण्याची शिस्त घातली इंग्लंडमधल्या लीड्सच्या जॉन इन्ग्रॅम यांनी, 1953 मध्ये. रुग्णाने डांबरयुक्त पाण्यात आंघोळ करायची, अतिनील किरण घ्यायचे. मग परिचारिका जस्तभस्म आणि स्टार्चच्या घट्ट पेस्टमधलं डायथ्रॅनॉल फक्त चट्ट्यावर लावणार, वर पावडर आणि जाळीदार पट्टी. पेस्ट घट्ट, कारण औषध ओघळून शेजारच्या निरोगी कातडीवर गेलं तर ती भाजते. दररोज हेच. साधारण तीन आठवड्यांत बहुतेकांची अंगं स्वच्छ होत.

इतके दिवस रुग्णालयात राहणं सर्वांना परवडणारं नव्हतं. 1980 च्या दशकात कळलं, की औषध दहा मिनिटं ते तासभर ठेवून धुऊन टाकलं तरी पुरतं. मग ते घरी आलं. जुना गंजीफ्रॉक, जुनी चादर, हातात मोजे. सौम्य प्रमाणापासून सुरुवात. चट्ट्याच्या कडेला व्हॅसलिन. चेहरा आणि अंगाच्या घड्या वर्ज्य. वेळ झाली की कोमट पाण्याने धुणं.

आज उपचारांचं ताट मोठं आहे. सौम्य आजाराला स्टेरॉइडची आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जातकुळीतली मलमं, पसरलेल्याला अतिनील किरण, हट्टी आजाराला पोटातली औषधं आणि जैविक इंजेक्शनं. दोन सावधगिऱ्या मात्र जिवाच्या आहेत. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर ते प्राणावर बेततं. आणि जैविक औषधांआधी क्षयाची तपासणी हवी, कारण शरीरात दबून बसलेला क्षय काही औषधांनी उसळतो. सकाळी बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावं. सोरायसिस सांध्यांतही उतरतो.

इसबाचा पाया त्याहून साधा. थोडा वेळ कोमट पाण्याची आंघोळ, सौम्य साबण, अंग टिपून ओलसर असतानाच भरपूर मलम किंवा व्हॅसलिन, कापलेली नखं, सुती कपडे. चट्टा भडकला तर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम, सांगितलं तितके दिवस. भिंत रोज लिंपायची असते, पडल्यावर नाही.

आजची चूक

स्क्वायरच्या रुग्णाने केलेली चूक आपल्याकडे रोज घडते. फक्त तिचं फळ उलटं मिळतं. चट्टा दिसला की ‘नायटा आहे’ म्हणून दुकानातून ट्यूब आणली जाते. अशा पुष्कळ ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते. चट्टा गजकर्णाचा असेल, तर स्टेरॉइडच्या आडोशाला बुरशी फोफावते आणि कड्याचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. सोरायसिस असेल, तर ट्यूब थांबवताच तो उसळू शकतो. घडीतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उठतात. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. दुकानात ‘ती ट्यूब द्या’ म्हणायची सवय तेवढ्याने सुटत नाही.

डायथ्रॅनॉल आता मागे पडलं आहे, मुख्यतः त्याच्या डागांमुळे. बाहियाच्या खोडातली भुकटी हवा लागून ज्या कारणाने जांभळट पडते, त्याच कारणाने हे मलमही डाग पाडतं. जुन्या परिचारिका हा डाग पाहूनच सुधारणा जोखत. खपली निघून गेलेल्या जागी गुळगुळीत तपकिरी ठसा उमटला, की चट्टा निवळला. कातडीवरचा तो ठसा आठवड्या-दोन आठवड्यांत पेशींबरोबर झडून जातो. चादरीवरचा मात्र कितीही धुतला तरी राहतो.