पत्रिका जुळली, पण एचबीए-टूचं काय?

दादरला शालू, गिरगावात दागिने, लालबागला मसाला... लग्नाची यादी सगळ्यांना पाठ. माझ्या यादीत परळ पण आहे! केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे आणि थॅलसेमिया हा तिचा जुना विषय. तुम्ही 'मायनर' असलात तर ऑफिस, जिम सगळं मस्त चालू, तक्रार कसलीच नाही. दोघंही मायनर निघालात तर मात्र प्रत्येक वेळी बाळ 'मेजर' असण्याची शक्यता 25 टक्के. म्हणजे दर काही आठवड्यांनी रक्त चढवायचं, आयुष्यभर.

आता गंमत बघा. आईच्या पोटात आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला बीटा-थॅलसेमियाची झळ लागत नाही. जन्मानंतर त्याचा स्विच ऑफ करण्यात मोठा हात बीसीएल-11-ए या प्रोटीनचा. त्याचा जीन क्रोमोसोम 2 वर. झिंकचा अणू धरून हे प्रोटीन बोटांसारख्या घड्या घालतं आणि त्या बोटांनी डीएनए पकडतं, म्हणून 'झिंक फिंगर'. त्याची ही भूमिका 2008 मध्ये उघड झाली. 2023 मध्ये रक्ताच्या मूळपेशींत या जीनला लगाम घालणाऱ्या कॅसजेव्ही उपचाराला ब्रिटनने मान्यता दिली. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत? 22 लाख डॉलर!

एचबीए-टू टेस्टला थोडंसं रक्त पुरतं. साखरपुड्याआधी दोघांनी करून टाका. सासूबाईंना काय वाटेल, ते नंतर बघू.