सैनिक केव्हा धावतात?

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, असे आपण वर्गात सांगतो. उपमा सोयीची आहे. पण २०२० साली कोविडच्या अनेक रुग्णांची प्रकृती दुसऱ्या आठवड्यात, विषाणू कमी होऊ लागल्यावर ढासळली. हे त्या उपमेत बसत नाही.

नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर सारी भिस्त उपजत प्रतिकारक्षमतेवर. बाधित पेशी विषाणूचा आरएनए ओळखते आणि इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडते. ही जणू दवंडीच. ती ऐकून शेजारच्या पेशी आपल्यात विषाणूच्या प्रती निघू देत नाहीत. नैसर्गिक मारक पेशी बाधित पेशींना मारतात, मॅक्रोफेज त्यांचा कचरा गिळतात.

मेख अशी, की करोना विषाणूची काही प्रथिने ही दवंडीच दाबतात. सुरुवातीचे दिवस शांततेत जातात आणि विषाणू वाढत राहतो. पुढे मॅक्रोफेज जागे होतात ते धोक्याच्या रसायनांचा पूर लोटतच. त्यामागून न्यूट्रोफिलांच्या झुंडी येतात. न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचे चिकट जाळे बाहेर फेकतो. जिवाणू पकडायला ते उत्तम. पण फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत त्याच जाळ्यावर गुठळ्या धरतात. वायुकोशांत द्रव साचतो आणि रक्ताला ऑक्सिजन मिळेनासा होतो.

दवंडीचे मोल किती? २०२० मध्येच जिवावर बेतलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. लक्षणे नसलेल्या वा सौम्य आजाराच्या ६६३ जणांत एकाकडेही ती नव्हती.

त्यामुळे 'प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावे?' असे मुलांनी विचारले, तर 'कोणती, आणि कितव्या दिवशी?' असे उलट विचारावे, असे आम्हाला वाटते. ब्रिटनमधील चाचणीत प्रतिकार दडपणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटवले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा काहीच लाभ झाला नाही.

२०२१ मध्ये आपल्याकडे सौम्य आजारातही स्टिरॉइडे घेतली गेली. म्युकरमायकोसिसच्या साथीत मधुमेहाबरोबर या गैरवापराचाही वाटा होता. स्टिरॉइडमुळे रक्तातली साखर वाढते. शिवाय त्या बुरशीला एरवी रोखून धरतात ते हेच मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल.