प्रक्रिया मेली तरी स्मृती उरते

युनिक्स आणि लिनक्स या कार्यप्रणालींत चालू प्रक्रियेला, म्हणजे स्मृतीत उतरून काम करीत असलेल्या प्रोग्रामला, थांबवण्यासाठी संकेत पाठवले जातात. त्यांपैकी १५ क्रमांकाचा संकेत प्रक्रियेला आवरते घेण्याची सवड देतो. ९ क्रमांकाचा संकेत मात्र तिच्या हाती पडतच नाही, कार्यप्रणालीचा गाभा असलेले कर्नल तिला जागच्या जागी संपवते. साध्या प्रोग्रामची खासगी स्मृती आणि उघड्या फायली कर्नल आपोआप परत घेत असल्याने तेथे हा भेद जाणवत नाही.

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरची गोष्ट निराळी आहे. त्यात प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया असते, आणि या साऱ्या प्रक्रिया एकाच सामायिक स्मृतीत लिहितात-वाचतात. त्यांतील एक जरी नवव्या संकेताने मारली गेली, तरी ती सामायिक स्मृतीत अर्धवट काय लिहून गेली हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पोस्टमास्टर ही मुख्य प्रक्रिया उरलेल्या सर्व जोडण्या तोडून सामायिक स्मृती नव्याने उभारते. अनेक व्यवस्थापकांना हा अतिरेक वाटतो, परंतु संशयास्पद स्मृतीवर काम चालू ठेवण्यापेक्षा तोच मार्ग सुरक्षित आहे. पूर्ण झालेले व्यवहार यात गमावले जात नाहीत, कारण प्रत्येक बदल मूळ फायलीत जाण्यापूर्वी नोंदवहीत उतरलेला असतो आणि सर्व्हर ती नोंदवही पुन्हा गिरवून पूर्वस्थितीवर येतो.

खरी अडचण पोस्टमास्टरच मारला गेल्यावर उद्भवते. सिस्टिम व्ही पद्धतीची सामायिक स्मृती आणि सेमाफोर, म्हणजे प्रक्रियांना आळीपाळीने वाट देणारे गणक, कोणत्याही एका प्रक्रियेच्या मालकीचे नसून कर्नलपाशी असतात; ते काढून टाकेपर्यंत किंवा संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत तसेच राहतात. सेमाफोरची ठरलेली मर्यादा संपली की जागा शिल्लक नसल्याचा संदेश येतो आणि डिस्क निम्मी रिकामी असतानाही लोक डिस्कच तपासत बसतात, वास्तविक 'आयपीसीएस' या आज्ञेने उरलेल्या वस्तू दिसतात आणि 'आयपीसीआरएम'ने त्या काढता येतात. २०१३ मधील ९.३ या आवृत्तीपासून बहुतेक सामायिक स्मृती वेगळ्या पद्धतीने घेतली जाते, तर २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून लिनक्सवर पॉसिक्स पद्धतीचे सेमाफोर वापरले जातात; त्यामुळे ही गळती आता पुष्कळ घटली आहे.

तरीही सिस्टिम व्ही स्मृतीचा एक लहानसा तुकडा मुद्दाम राखलेला आहे, कारण त्याला किती प्रक्रिया जोडलेल्या आहेत हे कर्नल मोजत असते, आणि जुन्या सर्व्हरची एखादी प्रक्रिया अजून जिवंत असेल तर त्या गणतीवरून नवा सर्व्हर सुरू होण्यास नकार देतो. अशा वेळी 'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' ही कुलूप-फाईल आणि तो तुकडा घाईने पुसला, तर दोन सर्व्हर एकाच डेटावर लिहू लागतात आणि ती हानी नोंदवहीलाही भरून काढता येत नाही. म्हणून आधी 'पीएस' आज्ञेने जुन्या प्रक्रिया शोधून त्यांना पंधराव्या संकेताने थांबवावे, आणि त्या खरोखर संपल्याची खात्री पटल्यावरच मागे उरलेल्या वस्तूंना हात लावावा.