जुना पलंग, जुनी गादी: कशाचे काय करावे?

- कापसाची गादी: टाके उसवून गाठी झालेला कापूस पिंजाऱ्याकडे पिंजून घेता येतो. नवी खोळ घातली की गादी पुन्हा तयार. उरलेल्या कापसाच्या उशा, लोड होतात.
- काथ्याची गादी: नारळाच्या सोडणाचा काथ्या. रबर लावलेला नसेल तरच बागेत आच्छादनासाठी.
- फोमची गादी: कुजत नाही. स्वच्छ फोमच्या तुकड्यांपासून ‘रीबॉन्डेड’ फोम बनतो.
- स्प्रिंगची गादी: कापड व फोम सोलून पोलादी स्प्रिंगा भंगारात.
- लोखंडी पलंग: भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने.
- सागवानी पलंग: जुन्या फर्निचरचे व्यापारी घेतात. सुताराकडून बाक किंवा फळ्या करून घेता येतात.
- प्लायवूडचा बॉक्स पलंग: लाकडाला किंमत कमी. बिजागऱ्या, हायड्रॉलिक दांडे आधी काढावेत.
- दान: गादी कोरडी, न फाटलेली हवी. ढेकूण असल्यास देऊ नये. अशी गादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, ढेकूण असल्याची चिठ्ठी लावून टाकावी.
- महापालिका: मोठ्या वस्तू रोजच्या घंटागाडीत सहसा घेत नाहीत. प्रभाग कार्यालयात आधी चौकशी करावी.
- जाळू नये: फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा रस्त्यावर टाकण्यास व उघड्यावर जाळण्यास मनाई करण्यात आली.