तार्किक नियमांतून फलनाचे आवाहन

तार्किक नियमांतून फलनाचे आवाहन म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेत अंतःस्थापित केलेल्या लॉजिक प्रोग्रॅमिंगच्या नियमात, त्याच भाषेत लिहिलेले साधे फलन वापरणे होय. ज्या भाषेत ही तार्किक व्यवस्था बसवलेली असते, तिला यजमान भाषा म्हणतात. हिशोब, तारखा, मजकुराची तपासणी यांसाठी यजमान भाषेत तयार व पारखलेली फलने असतात. ती नियमांत पुन्हा लिहिण्यापेक्षा तेथूनच बोलावणे सोयीचे असते. मात्र फलन आणि तार्किक संबंध यांचा स्वभाव भिन्न असल्यामुळे हे आवाहन नियमात कोणत्या जागी केले आहे, यावर उत्तराचा खरेपणा अवलंबून राहतो.

फलन आणि संबंध

फलनाला दिशा असते. त्याला ज्ञात मूल्य दिले की ते एक उत्तर परत करते. संबंधाला अशी दिशा नसते. ‘अमुक शेतकरी, अमुक गाव, अमुक वजन’ हा संबंध नोंदवला असेल, तर शेतकऱ्यावरून वजन विचारता येते आणि वजनावरून शेतकरीही शोधता येतो. जे ठाऊक नाही त्याच्या जागी चल ठेवले जाते. उपलब्ध विधानांशी जुळवून त्या चलाला मूल्य देण्याच्या क्रियेस एकीकरण म्हणतात. एक वाट खुंटली की व्यवस्था मागे येऊन दुसरी वाट धरते.

फलनाला मात्र मूल्य न लाभलेले चल दिले, तर त्याचे काय करावे हे त्याला कळत नाही. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

उदाहरण

अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्याची कापूस खरेदीची यादी करावयाची आहे, असे समजू. पुढील नोंदी काल्पनिक असून वजन क्विंटलमध्ये आहे. लेखनपद्धती प्रोलॉगच्या धर्तीची आहे. प्रोलॉगमध्ये चलाचे नाव मोठ्या रोमन अक्षराने किंवा अधोरेखेने सुरू होते. देवनागरीत मोठे-लहान अक्षर हा भेद नसल्याने येथे चलांपूर्वी अधोरेखा दिली आहे.

खरेदी(अ, आलेगाव, 12).
खरेदी(ब, विवरा, 7).
खरेदी(क, बाळापूर, 20).

यजमान भाषेत दोन फलने आहेत. ‘पातुरात’ हे फलन दिलेले गाव पातूर तालुक्याच्या यादीत आहे की नाही ते पाहून ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देते. ‘किलोत’ हे फलन क्विंटलला 100 ने गुणते. त्यांवरून नियम असा होतो :

यादी(_नाव, _किलो) :-
खरेदी(_नाव, _गाव, _क्विंटल),
फलन(पातुरात, _गाव, हो),
फलन(किलोत, _क्विंटल, _किलो).

सर्व नावे विचारल्यास अ (1200 किलो) आणि ब (700 किलो) ही उत्तरे मिळतात. बाळापूर हा वेगळा तालुका असल्याने क गळतो. ‘700 किलो कोणाचे?’ असा उलटा प्रश्न केला, तरी ब हे बरोबर उत्तर येते. येथे फलन उलटे चालत नाही. प्रत्येक नोंदीतील ज्ञात क्विंटलवर ते सुलटेच चालते आणि निघालेले मूल्य 700 शी ताडून पाहिले जाते.

क्रमाचे महत्त्व

आता ‘पातुरात’ ही ओळ ‘खरेदी’च्या आधी ठेवली, तर त्या क्षणी _गाव या चलाला मूल्य नसते. फलनापर्यंत गावाचे नाव न जाता नुसते चलच जाते. ते गावांच्या यादीत सापडत नाही, म्हणून फलन ‘नाही’ म्हणते आणि तेथेच शोध संपतो. आलेगाव व विवरा येथील नोंदी असूनही यादी रिकामी येते.

‘किलोत’ ही ओळ अशीच आधी ठेवली, तर गुणाकार करता न आल्याने व्यवस्था चूक दाखवून थांबते. हा दोष लगेच ध्यानात येतो. पहिल्या प्रकारात कोणतीही चूक दिसत नाही आणि ‘अशी नोंद नाही’ हे खरे उत्तर समजले जाते. म्हणून दोहोंपैकी तोच अधिक घातक आहे. शुद्ध तार्किक अर्थाने ‘आणि’ने जोडलेल्या अटींचा क्रम बदलला तरी उत्तर बदलू नये, फलन आल्यावर हा गुण टिकत नाही.

परिणाम घडवणारी फलने

पावती छापणे किंवा नोंद लिहिणे यांसारखे बाह्य परिणाम घडवणारे फलन नियमात ठेवणे धोक्याचे असते. व्यवस्था एखाद्या वाटेवरून मागे फिरते तेव्हा चलांची मूल्ये सुटतात, पण छापलेली पावती परत येत नाही. वरील उदाहरणात गावाच्या तपासणीपूर्वी पावतीचे फलन आले, तर यादीत नसलेल्या क चीही पावती निघेल. त्यामुळे नियमांत केवळ शुद्ध फलने वापरावीत आणि असे परिणाम उत्तरे हाती आल्यानंतर यजमान भाषेत घडवावेत.

विविध भाषांतील व्यवस्था

प्रोलॉग ही भाषा 1972 च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोलमेरोएर व फिलिप रूसेल यांनी घडवली. स्कीम या भाषेत अंतःस्थापित केलेली मिनीकॅनरेन ही व्यवस्था डॅनियल फ्रीडमन, विल्यम बर्ड व ओलेग किसेल्योव्ह यांच्या 2005 मधील ‘द रीझन्ड स्कीमर’ या ग्रंथामुळे परिचित झाली. क्लोजर भाषेतील कोअर.लॉजिक हे डेव्हिड नोलन यांचे ग्रंथालय तिच्यावरच आधारलेले आहे. या दोन्हींत ‘प्रोजेक्ट’ नावाची रचना आहे. ती चलाला त्या क्षणी लाभलेले मूल्य काढून यजमान भाषेतील फलनाच्या हाती देते. मूल्य लाभलेले नसेल, तर वर सांगितलेला प्रसंग ओढवतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेल्या कोरल या निगामी विदा-प्रणालीत नियमांतील संबंध सी++ मध्ये लिहिण्याची सोय होती. तिच्या 1992 मधील शोधनिबंधाच्या लेखकांपैकी एस. सुदर्शन हे पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

उपाय व पर्याय

सर्वांत साधा उपाय म्हणजे मूल्य देणाऱ्या अटी आधी आणि फलने नंतर लिहिणे. मेलबर्न विद्यापीठात विकसित झालेल्या मर्क्युरी भाषेत कोणते चल ज्ञात हवे हे आधीच घोषित करतात. संकलक त्यानुसार अटींचा क्रम लावतो आणि तसा क्रम शक्य नसल्यास चूक दाखवतो. पूर्णांकांच्या गणितासाठी बंधनाधारित लॉजिक प्रोग्रॅमिंग वापरता येते. तेथे ‘किलो = क्विंटल × 100’ हे समीकरण संबंध म्हणूनच राहते आणि 700 वरून 7 काढता येतात.

प्रत्येक फलनाचे असे रूपांतर करून एकच उलटे उत्तर मिळत नाही. रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात आणणारे फलन 8450.20 आणि 8450.40 या दोहोंना 8450 करते. त्यावरून मूळ रक्कम कोणती होती, हे सांगता येत नाही. अशा ठिकाणी मूळ मूल्य आधी नोंदींतून मिळवून मगच फलन वापरावे लागते.