पाहुण्यांसाठी तारा जमिनीखाली!

दोस्तांनो, पाहुणे आले की आपण त्यांना आपली खोलीसुद्धा देतो ना? भूतानच्या फोबजिखा खोऱ्यात तर याहून मोठी गंमत झाली! दर हिवाळ्यात तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच इथल्या दलदलीत मुक्कामाला येतात. गावांना वीज हवी होती. पण हे मोठाले पक्षी उडताना खांबांवरच्या तारांना धडकले तर? मग खर्च जास्त आला तरी तारा चक्क जमिनीखालून नेल्या!

या डोंगराळ देशाच्या २००८ च्या राज्यघटनेतच लिहिलंय, की किमान ६० टक्के भूमीवर कायम जंगल राहिलंच पाहिजे. वाघ, ताकिन, धनेश यांचं घर तेच!

आता सांगा, तुमच्या गावी येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांसाठी तुम्ही काय कराल?