कायोटी आणि त्याच्या मागे धावणारी कुत्री

कोल्हेकुई ऐकली नाही असा खेड्यात वाढलेला मनुष्य महाराष्ट्रात विरळा. तिन्हीसांज झाली, गुरे गोठ्यात आली, की माळाच्या एका टोकाकडून ती उठते, दुसऱ्या टोकाकडून तिला जाब मिळतो, आणि घरातील लहान मूल आजीला बिलगते. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी जी अफाट गवताळ मैदाने पसरली आहेत, तेथील शेतकऱ्याच्या घरीही अशीच कुई ऐकू येते. ती घालणाऱ्या प्राण्याचे नाव कायोटी. हा शब्द मूळचा मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतला; स्पॅनिश लोकांनी तो उचलला व त्यांच्याकडून तो इंग्रजीत आला. १८२३ मध्ये टॉमस से या प्राणिशास्त्रज्ञाने या प्राण्याला जे शास्त्रीय नाव दिले त्याचा अर्थ ‘भुंकणारा कुत्रा’ असा आहे.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा जवळचा आप्त होय. अंगाने कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान. मैदानी मुलखातील कायोटीचे वजन बहुधा पंचवीस-तीस पौंडांच्या आसपास भरते. उंदीर, ससे, टोळ, पिकलेली फळे, मेलेले जनावर, यांपैकी काहीही त्याला वर्ज्य नाही. आणि संधी सापडली तर मेंढीचे कोकरूही तो उचलतो. या शेवटच्या पदार्थावरूनच त्याचे आणि मनुष्याचे वैर जुंपले. या वैरात मनुष्याने बंदूक वापरली, सापळा वापरला, विषही वापरले. परंतु सर्वांत अधिक माया आणि मेहनत त्याने खर्च केली ती एका निराळ्याच साधनावर. ते साधन म्हणजे कुत्रा.

कायोटीच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांच्या दोन जाती आहेत. एक नजरेची, दुसरी नाकाची. कोठे कोणती उपयोगी पडावयाची, हे मालकाच्या हौसेपेक्षा जमीनच ठरविते.

कॅन्सस, नेब्रास्का, दक्षिण डकोटा या राज्यांत मैलोगणती झाड दृष्टीस पडत नाही. तेथे सावज दुरून दिसते, म्हणून नजरेची कुत्री लागतात. दख्खनमधील कारवानी कुत्रा ज्यांनी पाहिला असेल त्यांना या कुत्र्याची ठेवण निराळी सांगावयास नको. लांब मुस्कट, खोल छाती, आत ओढलेले पोट, वेताच्या छडीसारखी लवचिक पाठ. या कुळातील सर्वांत वेगवान कुत्रा ग्रेहाउंड. थोड्या अंतरात तो ताशी चाळीस मैलांहून अधिक वेग गाठतो. कायोटीचा वेगही चाळीस मैलांच्या घरात जातो. म्हणजे दोघांतील फरक थोडा, आणि सारा खेळ त्या थोडक्या फरकावर अवलंबून.

परंतु नुसता वेग पुरत नाही, हे तेथील लोकांना लवकरच कळून आले. ग्रेहाउंडाची कातडी पातळ, केस आखूड. गोठलेल्या ढेकळांवर त्याचे पाय फाटतात आणि थंडीत तो काकडतो. यास्तव स्कॉटलंडमधील हरणे धरणाऱ्या डीअरहाउंड या उंच, राठ केसांच्या कुत्र्याशी त्याचा संकर करण्यात आला. त्यातून जे कुळ निपजले त्यास अमेरिकेत स्टॅगहाउंड म्हणतात. बापाचा वेग, आईची कातडी आणि दोघांचे धैर्य एकाच पिलात उतरावे, ही पैदास करणाराची इच्छा. ती प्रत्येक वेतात पुरी होत नाही, आणि म्हणूनच त्याचे काम कधी संपत नाही.

ही परंपरा जुनी आहे. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेलेला घोडदळाचा सेनानी जॉर्ज कस्टर हा मैदानांवरील छावण्यांत अशा कुत्र्यांचा मोठा तांडा बाळगून असे. १९०५ च्या एप्रिल महिन्यात तर खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ही शिकार पाहण्याकरिता ओक्लाहोमात गेले. तेथे जॉन अ‍ॅबर्नथी नावाचा एक विलक्षण गडी होता. कुत्र्यांनी सावज गाठले की हा घोड्यावरून उडी टाकी, आपला हात त्याच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे खुपशी आणि खालचा जबडा घट्ट आवळून धरी. जबडा मिटता न आल्यामुळे त्या जनावराला चावताच येत नसे, आणि ते जिवंत हाती लागे. रूझवेल्ट यांनी ही हकीकत आपल्या पुस्तकात मोठ्या कौतुकाने लिहिली, आणि पुढील वर्षी या अ‍ॅबर्नथीला ओक्लाहोमातील सरकारी मार्शल नेमले.

घोड्याची जागा आता मोटारट्रकने घेतली आहे. या मुलखातील जमीन १७८५ च्या कायद्यापासून चौरस मैलाच्या चौकटींत मोजण्यात आली, आणि पुष्कळ ठिकाणी रस्तेही त्या चौकटींच्या कडेनेच आखले गेले. शिकारी हिवाळ्याच्या सकाळी या रस्त्यांवरून संथपणे ट्रक हाकीत जातो. ट्रकच्या पाठीवर लाकडाची अथवा पत्र्याची पेटी असते व तिच्यात तीन-चार कुत्री उभी असतात. कापणी झालेल्या शेतात कायोटी दिसला की चालक आपल्या जागेवरूनच दोरी किंवा दांडा ओढतो. पेटीचे दार धाडकन उघडते आणि कुत्री उडी घेतात. पुढचा प्रकार काही मिनिटांत आटोपतो. सर्वांत वेगवान कुत्रा कायोटीस गाठून त्याला वळावयास अथवा कोलमडावयास लावतो. मागून येणारी बळकट कुत्री त्याला धरून ठार करतात. एकट्या कुत्र्याला हे काम सहसा साधत नाही. म्हणून शिकारी एकेक कुत्रा न पाहता संच पाहतो. त्यात धावणारा हवा तसा धरणाराही हवा.

या शिकारीत कायोटीच्या दातांइतकेच भय काटेरी तारेचे असते. सावजावर डोळा लावून भरवेगाने धावणाऱ्या कुत्र्याला पुढची तार दिसत नाही. छातीवर किंवा मांडीवर जुने टाके नसलेला अनुभवी कुत्रा क्वचितच आढळेल.

दक्षिणेकडील व पूर्वेकडील राज्यांत चित्र पालटते. तेथे जंगल दाट, ओढे अनेक. सावज पन्नास पावलांवरून दिसेनासे होते. येथे नाकाची कुत्री लागतात. ती जमिनीवर राहिलेल्या गंधाचा माग काढतात आणि धावताना अखंड भुंकत राहतात. यांतील नामांकित कुळ वॉकर हाउंड. त्याच्या उत्पत्तीची कथा केंटकी राज्यातील मॅडिसन परगण्यात सांगितली जाते. १८५२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन मॉपिन या गृहस्थाच्या हाती एक कुत्रा आला. तो टेनेसीतून आला म्हणून त्याचे नाव ‘टेनेसी लीड’ पडले. त्याचे आईबाप कोण, हे कोणासही ठाऊक नव्हते. परंतु त्याची धाव व चिकाटी अशी काही होती, की मॉपिन आणि त्याचे शेजारी वॉकर यांनी आपल्या माद्या त्याला दिल्या, आणि पुढे त्या वंशातच हे गुण वारंवार दिसू लागले. कुळाचा दाखला नसलेल्या कुत्र्यापासून एक कुलीन घराणे उभे राहिले.

वॉकर हाउंड मूळचा खोकडामागे धावणारा. खोकड आपल्या ओळखीच्या रानातच गिरक्या घेतो. कायोटी तसा नाही. तो सरळ रेघ धरून मैलच्या मैल जातो. विसाव्या शतकात कायोटी दक्षिणेत पसरला, आणि खोकडापुरता पुरेसा असलेला कुत्रा उणा पडू लागला. तेव्हा पैदास करणारांनी अधिक दमाच्या व अधिक कडक पायांच्या कुत्र्यांची निवड आरंभिली. सावजाने कुत्रा बदलला असेच म्हणावे लागेल.

ही निवड कशी होते, ते पाहण्याजोगे आहे. मादी सुमारे त्रेसष्ट दिवसांनी विते. वेतात सात-आठ पिले असली, तरी त्यांतील किती कामाची निघतील हे त्यांच्या रूपावरून कळत नाही. पिलू आठ-दहा महिन्यांचे झाले की त्याला जुन्या, भरवशाच्या कुत्र्यांबरोबर सोडतात. त्याआधी सोडले तर हाडे कच्ची राहतात व मनही खचते. मग परीक्षा सुरू होते. गंध नसताना ते भुंकते काय? भुंकत असेल तर ते लबाड. साऱ्या झुंडीला फसविते. हरिण आडवे गेले असता कायोटीचा माग सोडून ते हरणामागे जाते काय? गेले तर तो मोठा दोष. पुढची कुत्री चुकली असता स्वतः माग शोधते, की नुसते त्यांच्या शेपटीमागे धावते? चार तासांच्या धावेनंतर उभे राहते काय? या कसोट्यांस उतरलेल्या नर-मादीचीच जोडी लावावयाची, हा जुना नियम. जवळच्या नात्यात जोडी लावल्यास गुण पक्के होतात, पण दोषही पक्के होतात. म्हणून काही पिढ्यांनी बाहेरचे रक्त आणावे लागते. शाळेत जसे थोर बापाचे नाव सांगून मुलाला गुण मिळत नाहीत, तसेच येथेही आहे.

या कुत्र्यांच्या शिकारीला एक हळवी बाजूही आहे. पूर्वी कित्येक शिकारी सावज मारण्यास जातच नसत. रात्री टेकडीवर शेकोटी पेटवावयाची, कुत्री सोडावयाची आणि ऐकत बसावयाचे. अंधारात दोन मैलांवरून येणाऱ्या आवाजावरून प्रत्येकजण आपला कुत्रा ओळखी. कोण पुढे आहे, कोण मागे पडला, माग कोठे हरवला, हे सारे कानांनी कळे. आज कुत्र्याच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा असतो आणि मालकाच्या हातातील यंत्रावर त्याचा ठावठिकाणा उमटतो. कुत्री हरवण्याचे दुःख त्यामुळे पुष्कळ कमी झाले आहे. कान मात्र पूर्वीसारखे तयार होत नसावेत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळले पाहिजे. एवढ्या खटाटोपाने कायोटी कमी झाला काय?

उत्तर स्पष्ट आहे: झाला नाही. १९१५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने लांडगे व कायोटी यांच्या नाशासाठी स्वतंत्र रक्कम मंजूर केली. १९३१ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला. लांडगा या मोहिमेत जवळजवळ नाहीसा झाला. कायोटी मात्र उलट वाढला. लांडगा हाच त्याचा मोठा शत्रू होता. तो गेल्यावर त्याला रान मोकळे झाले. एके काळी पश्चिमेकडील मैदाने व वाळवंटे एवढ्यांतच राहणारा हा प्राणी आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. १९९९ मध्ये तर न्यूयॉर्क शहराच्या मधोमध असलेल्या सेंट्रल पार्कमध्ये एक सापडला. सरकारी खाते अलीकडच्या वर्षांत दरसाल पन्नास ते सत्तर हजार कायोटी विमानातून गोळ्या घालून, सापळे व फास लावून मारते. तरीही संख्या टिकून आहे.

याचे कारण त्याच्या कुटुंबव्यवस्थेत आहे. एका टापूत सामान्यतः एकच जोडपे वीण करते. बाकीची तरुण मंडळी त्यांच्या आश्रयाने राहतात. ते जोडपे मारले गेले की ही मंडळी स्वतंत्र संसार थाटतात. तोंडे कमी झाल्याने अन्न मुबलक होते आणि पिले अधिक जगतात. १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॉनॉली व लाँगहर्स्ट यांनी गणित मांडून दाखविले, की दरवर्षी सुमारे तीन-चतुर्थांश कायोटी मारले तरीही त्यांचा वंश कित्येक दशके टिकेल. दुसरी गोष्ट अशी, की कोकरे मारणारे कायोटी बहुधा पिलांना भरविणारी जोडपीच असतात, असे पाहणीत आढळले आहे. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला दिसला म्हणून धरलेला कायोटी हा मेंढवाड्याचा चोर असेलच असे नाही. बहुतेकदा तो उंदरांवर जगणारा निरपराधही असेल.

या शिकारीवर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. कुत्र्यांच्या तोंडी आलेल्या प्राण्याचे मरण क्रूर असते. कुत्रा कुंपण व सातबारा जाणत नाही. तो शेजाऱ्याच्या शेतात शिरला की तंटे होतात. कोंडलेल्या आवारात कायोटी सोडून त्यांच्यामागे कुत्री लावण्याची जी चाल होती, ती फ्लोरिडा राज्याने २०१० मध्ये बंद केली. बक्षिसासाठी कायोटी मारण्याच्या चढाओढींवर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये बंदी घातली व पुढे इतर काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. उलट, ज्याची दहा कोकरे एका आठवड्यात गेली त्या मेंढपाळाला दयेचा उपदेश करणे सोपे नाही. त्याचे नुकसान पुस्तकातले नसते. ते त्याच्या घरातले असते.

त्या मेंढपाळाच्या उपयोगी पडणारा कुत्रा मात्र निराळा निघाला. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजात रेमंड व लॉर्ना कॉपिंगर या दांपत्याने युरोप व तुर्कस्तान येथील राखणीच्या कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. ही कुत्री वेगवान नाहीत. पिलू अगदी लहान असतानाच त्याला मेंढ्यांत ठेवतात. ते मेंढ्यांनाच आपले गणगोत समजू लागते आणि जन्मभर त्यांच्यात वावरते. कायोटी जवळ आला की ते उठून उभे राहते, भुंकते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागते. पाठलाग नाही, रक्तपात नाही; कोकरू मात्र वाचते. आपल्याकडील धनगराला यात नवे असे काही वाटणार नाही. त्याच्या वाड्याभोवती कुत्रे पूर्वीपासून बसलेले आहेच.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे बरे. नजरेच्या व नाकाच्या कुत्र्यांची पैदास ही अमेरिकेतील खेडुतांनी दीडशे वर्षे जोपासलेली एक विद्या आहे. तिच्यात निरीक्षण आहे, धीर आहे, स्वतःच्या आवडत्या कुत्र्याचाही दोष कबूल करण्याचा प्रामाणिकपणा आहे. परंतु ती शेतीचे रक्षण करते हा तिचा दावा अनुभवाला उतरत नाही. ज्याला धावणे पाहावयाचे आहे त्याने तसे सांगून धावणे पाहावे, आणि त्याची किंमत कोण मोजते याचाही विचार करावा. ज्याला कोकरे राखावयाची आहेत त्याने मात्र धावणारा कुत्रा न पाळता बसून राहणारा पाळावा.